एका रस्त्यानं भागत नाही

लेक सायकलवरून शाळेला निघाली की ती परत येईपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो. नेदरलँड्समधल्या आयांचंही एकेकाळी तसंच होतं. मोटारी वाढल्या आणि १९७१ साली तिथं रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी अशीच गेली. त्यानं लेख लिहिला, ‘मुलांच्या हत्या थांबवा’. पुढं तेच एका चळवळीचं नाव झालं. आयाबाया मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या.

मग सरकारनं हेग आणि टिलबर्ग शहरांत एकेक उत्तम सायकलमार्ग बांधून पाहिला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण शहरात एकूण फारसा फरक पडला नाही. घरापासून त्या मार्गापर्यंत जायचं कसं, हा प्रश्न तसाच राहिला होता.

डेल्फ्ट शहरानं १९८०च्या दशकात यावरून धडा घेतला. गल्लीसाठी, पेठेसाठी आणि अख्ख्या शहरासाठी असं तीन पातळ्यांचं जाळं विणलं. वाट तुटत होती तिथं पूल आणि बोगदे करून ती जोडली.

सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या आपल्या पुण्यानंही २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. पण कागदावरच्या रेघेवरून लेक शाळेत जात नाही.

म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलंय, नुसता ‘सायकलमार्ग द्या’ म्हणायचं नाही. ‘आमच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत सलग द्या’ असं म्हणायचं. तुम्हीही म्हणा!