एक निबंध आणि एक अर्ज

शाळेंतील मुलांस मानवी हक्कांचे पाठ द्यावेत, असें आज सर्वत्र म्हटलें जातें. परंतु हे पाठ पुष्कळदां संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यापासून सुरू होतात, आणि हक्क म्हणजे दूरदेशीं ठरून आपल्याकडे आलेली कांहीं वस्तु आहे, असा मुलांचा ग्रह होतो. वस्तुतः या विषयाचा धडा त्याच्या जवळजवळ शंभर वर्षें आधीं मुंबई इलाख्यांतील दोन मुलांनीं घालून दिला आहे. एकीनें निबंधांत, दुसऱ्यानें अर्जांत.

१८४८ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली आणि पुढें अस्पृश्य गणलेल्या जातींच्या मुलांकरितांही शाळा उघडल्या. त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या, सुमारें चौदा वर्षांच्या मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदया’ंत छापला गेला. पेशवाईंत आपल्या लोकांवर गुदरलेले प्रसंग ती सांगते. बाळंत होणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर छप्परही नसतें, हें सांगते. आणि ज्यांना वेद पाहण्याचीही मनाई, त्यांचा धर्म तरी कोणता, असें देवालाच विचारते. शेवटीं आपल्या जातभाईंस ती विद्येचा मार्ग दाखविते. ‘मानवी हक्क’ हा शब्दप्रयोग तिनें ऐकलाही नसेल. पण वर्गांत तिला जागा मिळाली होती, आणि त्या जागेवरूनच तिला प्रश्न सुचला.

दुसऱ्या मुलास ती जागाच मिळाली नाहीं. धारवाडच्या सरकारी शाळेंत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलानें जून १८५६ मध्यें मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमींची फी देण्यास तो तयार होता. न्याय त्याच्या बाजूला आहे, हें सरकारनें नाकारलें नाहीं. परंतु एकासाठीं शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल, या भीतीनें त्याची मागणी मान्य केली नाहीं. १८५८ सालीं कंपनीच्या संचालकांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचें तत्त्व सांगितलें. १८८२ च्या हंटर कमिशननेंही तें मान्य केलें, पण त्याचा अंमल जपून करावा, असेंही सुचविलें.

या जपून चालण्याचें फळ काय झालें? १९०० च्या सुमारास साताऱ्याच्या शाळेंत भीमराव आंबेडकर नांवाचा विद्यार्थी घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता, आणि शिपायानें नळ सोडल्यावांचून त्याला पाणी मिळत नव्हतें. तत्त्व दप्तरांत होतें, मूल गोणपाटावर होतें. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांस एकत्र बसविण्याचा हुकूम काढला, तोंवर १९१९ साल उजाडलें होतें.

१९४८ च्या जाहीरनाम्याकडे या वाटेनें आलें म्हणजे तो परका वाटत नाहीं. त्याच्या पहिल्या कलमांत ‘सर्व पुरुष’ असा अर्थ होऊं शकणारे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधि हंसा मेहता यांनीं आग्रह धरून तेथें ‘सर्व मानव’ असा अर्थ स्पष्ट करणारे शब्द घालविले. सव्विसाव्या कलमांत शिक्षणाचा हक्क आला. २००९ च्या कायद्यानें भारतांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांकरितां तो हक्क अमलांत आणण्याची व्यवस्था झाली.

म्हणून शिक्षकानें कलमें पाठ करून घेण्यापूर्वीं धारवाडचा अर्ज वर्गापुढें ठेवावा व विचारावें: तुम्ही अधिकारी असतां तर काय निर्णय दिला असता? बहुतेक मुलें त्या मुलाचीच बाजू घेतील. मग दुसरा प्रश्न विचारावा: आज आपल्या वर्गांत कोण कोणाशेजारीं बसत नाहीं, आणि केर काढण्याचें काम नेहमीं कोणाकडे जातें? या प्रश्नाचें उत्तर देतांना शिक्षकालाही थोडें थांबावें लागेल. पण हा विषय शिकविण्याचा अधिकार त्याला तेथूनच प्राप्त होतो.