बेचिराग माळवा : प्रवासवृत्तें आणि दफ्तरें

इ. स. १८१७-१८ च्या युद्धानंतर माळवा व मेवाड ह्या प्रांतांतून ज्या इंग्रज अंमलदारांनीं व प्रवाशांनीं प्रवास केला, त्यांच्या लेखांत ओस गांव, पडीक जमिनी आणि तट ढांसळलेले कसबे यांचीं वर्णनें जागोजाग आढळतात. ह्या वर्णनांसंबंधीं आपल्या इकडे दोन पक्ष रूढ झाले आहेत. इंग्रजी अंमलापूर्वींचा माळवा म्हणजे केवळ स्मशान होतें, असें एक पक्ष म्हणतो. हीं सारीं जेत्यांनीं आपल्या कामगिरीच्या समर्थनार्थ रंगविलेलीं चित्रें आहेत, असें दुसरा म्हणतो. प्रस्तुत लेखकास दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. प्रवाशांनीं जें पाहिलें तें बहुधा खरेंच पाहिलें. परंतु जें रस्त्यावरून दिसणें शक्यच नव्हतें, असेंही पुष्कळ त्या मुलुखांत शिल्लक होतें, आणि तें दफ्तरांत नमूद होतें. हा भेद एका शब्दावरून चांगला उलगडतो. तो शब्द 'बेचिराग' हा होय.

'बे' म्हणजे विना आणि 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गांवांत सांजवात लावणारें एकही घर उरलें नाहीं, तो गांव बेचिराग. हा शब्द फारसींतून आपल्या महसुली कागदांत आला. मराठींत चिरागाचा 'चिराख' झाला, आणि 'बेचिराख' ह्या रूपाच्या शेवटीं 'राख' ऐकूं येऊं लागल्यामुळें, जाळून राख केलेलें तें बेचिराख, अशी समजूत लोकांत पसरली. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें ही समजूत चूक आहेच. पण इतिहासाच्या दृष्टीनें ती अधिक घातक आहे. राख झालेल्या वस्तूचें कांहींच उरत नाहीं. बेचिराग गांवाचें मात्र पुष्कळ उरतें. त्याचें नांव उरतें, शीव उरते, परगण्याच्या यादींतील ओळ उरते. पाटीलकीचें वतन, इनामें आणि देवस्थानाचे हक्क उरतात. शेजारच्या गांवचीं कुळें येऊन कांहीं जमीन करीत असल्यास तितका वसूलही उरतो. बेचिराग म्हणजे वस्तीवांचून. पीक नाहीं, असा त्याचा अर्थ नव्हे. येथून जाणाऱ्या प्रवाशास मोडकी भिंत दिसे. कारकुनास त्याच जागीं यादींतील एक ओळ दिसे.

माळव्याची ही दशा कशी झाली, तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. अहिल्याबाई होळकर इ. स. १७९५ त वारल्या, व १७९७ त तुकोजी होळकर वारले. त्यानंतर होळकरांच्या घरांत वारसाचा तंटा उपस्थित झाला, आणि त्यांत दौलतराव शिंदे पडल्यामुळें दोन्ही दौलतींचें युद्ध माळव्याच्याच भूमीवर झालें. इ. स. १८०१ च्या जुलैंत यशवंतराव होळकरांनीं उज्जनीजवळ शिंद्यांच्या पलटणींचा मोड केला; त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सर्जेराव घाटग्यांनीं इंदूर लुटलें. एकाची राजधानी दुसऱ्यानें नागवावी, हा तेथून परिपाठ झाला. पुढें इंग्रजांशीं झालेल्या युद्धांत दोन्ही दौलतींचा मुलूख व वसूल घटला. फौजा मात्र त्या प्रमाणांत घटल्या नाहींत. तलबा थकल्या कीं शिपायांनीं सरदारापुढें धरणें धरावें, सरदारानें परगणे इजाऱ्यानें द्यावे, आणि इजारदारानें दोन वर्षांचें उत्पन्न एका वर्षांत काढावें, असा क्रम चालू झाला. इ. स. १८११ त यशवंतराव वारल्यावर होळकरांच्या दौलतींत हुकूम चालविणारा खंबीर पुरुष राहिला नाहीं. ह्या पडत्या काळांत पेंढाऱ्यांचें बळ वाढलें.

येथें दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. माळव्याच्या नाशांत मराठी फौजांचा भाग मोठा होता, आणि तो पेंढाऱ्यांच्या नांवावर ढकलून आपल्या इतिहासकारांस मोकळें होतां येणार नाहीं. परंतु इ. स. १८०५ नंतर राजपुतान्यांतून अंग काढून घेऊन, जयपूरशीं केलेला तह मोडून, तो सारा प्रदेश बारा वर्षें मोकळा सोडणारें कलकत्त्याचें सरकारही ह्या अनर्थापासून अलिप्त नव्हतें. इंग्रज ग्रंथकार पहिली गोष्ट विस्तारानें सांगतात व दुसरी ओझरती सांगतात. आपण दोन्ही सारख्याच मोकळेपणानें सांगाव्या.

आतां प्रवाशांची साक्ष पाहूं. ह्या साक्षीचे तीन थर आहेत. पहिला थर गडबडीपूर्वींचा. विल्यम हंटर नांवाचा वैद्य इ. स. १७९२-९३ त मेजर पामर ह्या वकिलाबरोबर आग्र्याहून उज्जनीस गेला. त्याचें वृत्त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालें आहे. मजलांचीं अंतरें, ठिकाणांचे अक्षांश, माती व वनस्पती यांकडे त्याचें मुख्य लक्ष. उज्जनींत सवाई जयसिंहाच्या वेधशाळेची चौकशी करण्यासही त्यास स्वस्थता होती. ज्या देशांत प्रवासी ताऱ्यांचे वेध घेतो, त्या देशांत रस्त्याची चिंता अगदींच प्राणांतिक नसावी, एवढें अनुमान ह्यावरून करतां येतें.

दुसरा थर गडबडीच्या ऐन मध्यांतला. थॉमस ब्राउटन हा इंग्रज वकिलाच्या पहाऱ्याचा अंमलदार इ. स. १८०९ त दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राजपुतान्यांत फिरत होता. त्याचीं पत्रें १८१३ त पुस्तकरूपानें निघालीं. ब्राउटनला गांव दिसतात ते लष्कराच्या तळावरून. बाजार, सण, तमाशे, थकलेल्या तलबांचे तंटे, खंडणीचीं बोलणीं, हा त्याचा विषय. हजारों जनावरें बरोबर घेऊन चालणारें लष्कर जेथें उतरे, तेथील पीक कहीवर गेलेल्या लोकांच्या हातीं सांपडे. ह्यास शत्रूचा मुलूख असावा लागत नसे. पेंढाऱ्यांवांचूनही गांव कसा ओस पडतो, हें समजण्यास ब्राउटन उपयोगी आहे.

तिसरा थर युद्धानंतरचा, आणि तोच सर्वांत अधिक वाचला जातो. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर हा इ. स. १८२५ च्या आरंभीं जयपूर, अजमीर, भिलवाडा, चितोड, नीमच, प्रतापगड, बांसवाडा ह्या मार्गानें गुजराथेंत उतरला. पुढील वर्षीं तो त्रिचनापल्लीस वारला, व त्याचें प्रवासवृत्त त्याच्या पत्नीनें १८२८ त प्रसिद्ध केलें. हेबरची दृष्टि उदार आहे, आणि ऐकलेलें व पाहिलेलें यांत तो बहुधा भेद करतो. तथापि तो हत्ती, उंट, तंबू व शिपाई बरोबर घेऊन निघालेला सरकारी पाहुणा होता. त्याच्याशीं बोलणारे लोक कोणाशीं बोलत आहों हें जाणून बोलत. शिवाय त्या सालीं त्या बाजूस पावसानें ओढ दिली होती. कोरडें शेत अवर्षणानें कोरडें कीं लुटीनें, हें एका मजलेंत कोणासही ठरवितां येत नाहीं.

हेबरच्या वृत्तांतील भिलवाड्याचें प्रकरण ह्या दृष्टीनें मननीय आहे. अमीरखानाचा सरदार जमशेदखान ह्याच्या जुलुमानें हा कसबा पार उठून गेला होता. इ. स. १८१८ त मेवाडच्या राण्यानें इंग्रजांशीं तह केल्यावर जेम्स टॉड हा तेथें वकील झाला, व त्याच्या खटपटीनें व्यापारी परत आले. १८२२ त तेथें सुमारें तीन हजार घरें झालीं होतीं, असें टॉड स्वतः लिहितो. स्वतःच्या कार्याविषयींची ही साक्ष म्हणून कोणी ती बाजूस ठेवील. पण तीन वर्षांनीं आलेल्या हेबरनें गांवकऱ्यांच्या तोंडून टॉडची स्तुति ऐकली, आणि ती लिहितांना, देशी राजांचा कैवार घेतो म्हणून टॉडवर त्याच्याच सरकारचा संशय होता, हेंही लिहून ठेवलें. जी साक्ष साक्षीदाराच्या पक्षास सोईची नाहीं, तिचें वजन अधिक धरावें, हा नियम येथें लागू पडतो. भिलवाडा उठला होता हें खरें, व तो लवकर वसला हेंही खरें.

परंतु एक कसबा म्हणजे माळवा नव्हे. प्रवाशाचा मार्ग बदलला कीं देशाचें चित्र बदलतें. झालिमसिंहाच्या कारभारांत कोटें संस्थान सर्वांशीं बोलणें ठेवून व खंडण्या भरून ह्या काळांत पुष्कळसें सुरक्षित राहिलें. तेथून जाणाऱ्यास शेतें दिसत, आणि शेजारच्या सरहद्दीपलीकडे गेल्यास रान दिसे. म्हणून सबंध प्रांताविषयीं बोलावयाचें तर मजलांच्या टिपणांवर न थांबतां यादीकडे वळलें पाहिजे.

अशी एक यादी सुदैवानें सारांशरूपानें छापलेली आहे. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजीं झाली, व ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरास अल्पवयी मल्हारराव होळकरांशीं तह झाला. ह्या दोन्ही प्रसंगीं प्रमुख असलेला सर जॉन माल्कम ह्यानें १८२३ त मध्य हिंदुस्थानावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत होळकरांच्या मुलुखाचे आंकडे दिले आहेत ते असे : एकूण गांव ३,७०१. पैकीं १८१७ त वस्तीचे २,०३८ व बेचिराग १,६६३. पुढें १८१८ त २६९, १८१९ त ३४३ व १८२० त ५०८ गांव पुन्हा वसले, आणि ५४३ राहिले.

ह्या आंकड्यांचा मेळ बरोबर बसतो. १८१७ त शेंकडा ४५ गांवांत दिवा नव्हता, हें भयंकर आहे. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण त्यांतच दुसरी गोष्ट दडलेली आहे. माल्कम किंवा त्याचा कोणी मदतनीस घोड्यावर बसून ३,७०१ गांव मोजीत गेला नव्हता. गांवांची एकूण संख्या माहीत असणें, ओस गांव वेगळे काढतां येणें, आणि सालोसाल वसलेले गांव त्यांतून वजा करतां येणें, ह्यास चालतें दफ्तर लागतें. होळकरांचा कारभार त्या वेळीं तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, यांच्या हातीं होता. राजधानी लुटली गेली, सरदार एकमेकांवर उठले, फौजेनें बंड केलें, आणि तरीही परगण्यांच्या याद्या जिवंत राहिल्या. तीन वर्षांत १,१२० गांव वसले, ह्याचें श्रेय केवळ कवायती पलटणींनीं राखलेल्या स्वस्थतेस देणारांनीं ह्या यादीचा विचार केलेला नाहीं. स्वस्थता अवश्य होती. पण कोणत्या गांवीं कोणास बोलवावयाचें, हें पलटणीस माहीत नव्हतें.

परत येणारे लोक कसे आले, ह्याविषयीं माल्कमनेंच जें नमूद केलें आहे तें ह्या सबंध विषयाचें मर्म होय. परागंदा झालेल्यांची दुसरी-तिसरी पिढी कित्येक ठिकाणीं परतली. मूळ पाटील मेलेला असे. त्याचा अजाण नातू पुढें घालून, त्यालाच पाटील मानून, मंडळी गांवच्या शिवेंत शिरे. प्रत्येकजण आपली पडकी भिंत व आपलें शेत ओळखून ताब्यांत घेई, तंटा होत नसे, आणि थोड्याच दिवसांत गांव जणूं कधीं उठलाच नव्हता असा चालूं लागे. जेत्यानें लिहिलेली ही हकीकत जेत्याच्या गौरवापेक्षां गांवाच्या स्मरणशक्तीचा गौरव अधिक करते. वतन हें केवळ उत्पन्नाचें साधन नव्हतें. दिवा विझल्यावरही गांवाचें नांव धरून ठेवणारी ती खुंटी होती. ओस जमिनीवर पहिल्या वर्षीं अल्प व पुढें चढता सारा ठरविणारा कौल आणि इस्तावा, ही लावणीची पद्धतही मराठी अंमलदारांच्या जुन्या परिचयाची होती.

तथापि एक सावधगिरी राखली पाहिजे. बेचिराग म्हणून लिहिलेला प्रत्येक गांव तरवारीनेंच उठला असें धरूं नये. दुष्काळ, रोगराई, पाण्याचा अभाव, इजारदाराची छळणूक, हीं कारणें त्याच एका शब्दाखालीं येतात. तसेंच उरलेले ५४३ गांव कोणते, त्यांच्या वतनदारांचें काय झालें, आणि वसलेल्या गांवांत जुनीं कुळें किती व उपरी किती, ह्या प्रश्नांचीं उत्तरें एकूण बेरजेंत नसतात. तीं गांवगन्ना कागदांत असतात.

येथें संग्राहकांस विनंति करणें प्राप्त आहे. शिंदे-होळकरांच्या राजकारणाचे कागद पुष्कळ छापले गेले. पारसनिसांनीं महेश्वर दरबारचीं बातमीपत्रें दिलीं. फाळके यांनीं कोट्याच्या गुळगुळे दफ्तरांतून शिंदेशाहीचीं साधनें काढलीं. परंतु संग्रह पाहतांना मोठ्या नांवाचें पत्र व ठळक शिक्का ह्यांवर आपली नजर जाते, आणि गांवझाडा, कौलनामा, इस्ताव्याची याद, लावणीचा तपशील हे कागद किरकोळ म्हणून गठ्ठ्याच्या तळाशीं राहतात. वाळवी प्रथम त्यांनाच लागते. माळव्यांतील जमीनदार, कानूगो व कमाविसदार यांच्या घराण्यांत असे कागद ज्यांस आढळतील, त्यांनीं त्यांतील एकही फर्द वेगळी काढूं नये. गठ्ठ्याचा क्रम, पाठीवरील शेरे, सालांचे आंकडे व गांवांचीं नांवें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, आणि 'बेचिराग' हा शेरा जेथें असेल तेथें पुढील सालांच्या यादींत तोच गांव शोधावा. हेबरचें पुस्तक जगांतल्या कोणत्याही मोठ्या ग्रंथालयांत मिळेल. पण तो ज्या पडक्या भिंतींवरून गेला त्या कोणाच्या होत्या, आणि तेथें पुन्हा दिवा कोणीं लावला, हें सांगणारी फर्द एकच असते, व ती गेली म्हणजे दुसरी नाहीं.