दासोह, पंगत आणि खानावळ : हुबळी-धारवाडच्या वाटेवरील पाहुणचाराचा इतिहास

प्रवासाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे वाटा, घाट, मुक्काम आणि मजला यांची मोजदाद केली जाते. परंतु त्या वाटेने जाणारा मनुष्य संध्याकाळी कोणाच्या दारी जेवला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. राजाच्या स्वारीत किती हत्ती होते हे बखरकार सांगतो. त्या स्वारीमागून चालणाऱ्या भट, कारकून, वैदू वा गवयाच्या पानात काय पडले हे मात्र तो सांगत नाही. आमच्या मते ज्या समाजात परक्याला जेवू घालण्याची जी रीत असते, तीत त्या समाजाची उदारता आणि त्या उदारतेची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. प्रस्तुत लेखात हुबळी व धारवाड या जोडशहरांच्या परिसरापुरता हा विषय मांडण्याचा आमचा विचार आहे. ही दोन शहरे सुमारे वीस किलोमीटर अंतरावर असून पुणे-बेंगळूर रस्त्याने जोडलेली आहेत. त्याच रस्त्यावर, हुबळीच्या बाजूस, महाविद्यालयांच्या वस्तीने नावारूपास आलेले विद्यानगर आहे. पश्चिमेस मलनाडची भातशेती, पूर्वेस ज्वारी-कापसाची काळी माती आणि उत्तरेस मराठी मुलूख अशा तिठ्यावर हा प्रदेश वसला असल्याने येथे वाटसरूची वर्दळ कधी थांबली नाही.

या प्रदेशाच्या अन्नसंस्कृतीचा सर्वांत भारदस्त लिखित पुरावा बाराव्या शतकातील आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मंडक, पूरिका, वटक, इडरिका, धोसक या पदार्थांची नावे त्यात आढळतात. यांतील मंडक म्हणजे आपले मांडे. ते बेळगावात आजही होतात. मराठी अभ्यासकांस हा ग्रंथ आणखी एका कारणाने परिचित आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. कानडी राजाच्या संस्कृत ग्रंथात मराठी बाईचे कांडण आणि तिची ओवी नमूद व्हावी, ही गोष्ट पुढील आठशे वर्षांच्या देवघेवीची नांदीच म्हणावी लागेल. तथापि ‘मानसोल्लास’ राजाच्या ताटाचा ग्रंथ आहे, वाटसरूच्या शिदोरीचा नव्हे.

वाटसरूची सोय कोणी केली, या प्रश्नाचे उत्तर त्याच शतकात आणि त्याच कल्याणीत मिळते. बसवेश्वरांच्या चळवळीने कायक आणि दासोह अशी दोन तत्त्वे पुढे ठेवली. श्रमाने मिळवावे आणि मिळविलेले नम्रपणे समाजाच्या पंगतीस लावावे, हा त्यांचा थोडक्यात अर्थ. आपल्याकडील अन्नदान आणि हा दासोह यांत एक सूक्ष्म भेद आहे. दान देणारा वर असतो आणि घेणारा खाली; दासोहात वाढणारा स्वतःस दास म्हणवितो. उत्तर कर्नाटकातील मठांनी ही कल्पना पुढे संस्थेच्या रूपाने टिकविली. हुबळीच्या सिद्धारूढ मठाचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. सिद्धारूढ स्वामी १९२९ साली समाधिस्थ झाले. तेथील अन्नप्रसादाची परंपरा पुढेही चालत राहिली, आणि तेथे येणाऱ्यांत मराठी भाविकांचा भरणा मोठा आहे. धारवाडच्या मुरुघामठाने गरीब विद्यार्थ्यांसाठी प्रसादनिलय चालवून या जुन्या कल्पनेस शिक्षणाची जोड दिली.

ही कल्पना आपल्याच देशाची मिरास आहे, असे मानण्याचे कारण नाही. तुर्की अमलाखालील बाल्कन प्रदेशात सोळाव्या शतकात हेच कार्य धर्मादाय वक्फांनी केले. बोस्नियातील साराजेव्हो येथे गाझी हुस्रेव बेग याने मशीद व मदरसा यांच्या जोडीने मुदपाकखाना आणि उतारूंसाठी मुक्कामाची जागा उभारली. या मुदपाकखान्यास तिकडे ‘इमारेत’ म्हणत व उतारशाळेस ‘मुसाफिरहाना’. हे दोन्ही शब्द मराठीस परके नाहीत. आपल्या भाषेत ‘इमारत’ केवळ बांधकामाची वाचक उरली, ‘मुसाफिरखाना’ मात्र अर्थ राखून आहे. एकच शब्द एका टोकास भिंती दाखवितो आणि दुसऱ्या टोकास भाकरी, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानी घेण्याजोगे आहे.

मराठी प्रवाशाच्या पाहुणचाराचे अस्सल चित्र विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतात आहे. वरसईचे हे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले, झाशीच्या वेढ्यात सापडले आणि अनेक हालअपेष्टा भोगून गंगेची कावड घेऊन परतले. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली त्यांचे लेखन प्रसिद्ध केले. त्यात बंडाची हकीकत आहे, तशीच जेवणावळींची व मुक्कामांचीही आहे. हे पुस्तक वाचताना एक गोष्ट स्पष्ट होते. गोडसे भटजी हजारो कोस दूर गेले, तरी त्यांचा प्रवास पुष्कळ अंशी दक्षिणी मंडळींच्या ओळखीपाळखीतूनच चालला होता. ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त या ठिकाणी मराठी सत्ता वा मराठी वस्ती होती. तेथे भाषा, पंक्तीची रीत आणि आचार हे सर्व घरचेच होते. याउलट पुण्याहून दक्षिणेस हुबळीकडे येणाऱ्या मनुष्यास अंतर थोडे, परंतु भाषेची वेस ओलांडावी लागे. म्हणून या वाटेवरील पाहुणचार हा आपल्या माणसांनी आपल्या माणसाचा केलेला पाहुणचार नव्हे, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याचा केलेला पाहुणचार होय. आणि त्याचे मोलही त्यामुळे निराळे आहे.

या शेजाराच्या खुणा शब्दांत उमटल्या आहेत. आपण ज्यावाचून वरणभात जेवत नाही ते तूप कानडी ‘तुप्प’ या शब्दाचे सोयरे. जेवणानंतर सुपारी कातरणारा अडकित्ताही कानडीतूनच आलेला. कोशिंबीर आणि ‘कोसंबरी’, झुणका आणि ‘झुणक’ या जोड्यांत थोरले कोण व धाकटे कोण, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा; पाने मांडणाऱ्या गृहिणीस त्याची आवश्यकता भासलेली नाही. उलट दिशेने गेलेला सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे ‘खानावळ’. उत्तर कर्नाटकात तो ‘खानावळी’ असा रूढ असून हुबळी-धारवाडच्या रस्त्यांवरील पाट्यांवर आजही दिसतो. म्हैसूरकडे कॉफीचे राज्य, इकडे मात्र मराठीप्रमाणे ‘चहा’. एवढेच काय, येथे भेटताच विचारतात ते ‘ऊटा आतेन्री?’, म्हणजे जेवण झाले का? शेवटचा ‘री’ हा आदराचा प्रत्यय; ओळख असो वा नसो, तो लागतोच.

खानावळीचा उदय ही सामाजिक क्रांतीच म्हटली पाहिजे. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्याचा भाग होता. शाळा, कचेऱ्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेली आगगाडी, १९१७ साली निघालेले कर्नाटक कॉलेज, यांमुळे घरापासून दूर राहणाऱ्या नोकरदारांचा व विद्यार्थ्यांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. यापूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. कानडीत यासच ‘वारान्न’ म्हणतात. सात घरी सात वार जेवणाऱ्या मुलास पोटभर अन्न मिळे, परंतु सातही घरांच्या उपकाराखाली मान लववावी लागे. खानावळीत पैसे मोजून जेवणारा कोणाचा मिंधा नसे. आणि खानावळ चालविणारी बहुधा स्त्री असे. ज्या विधवेस समाजाने सर्व व्यवसाय बंद केले होते, तिला चूल हेच भांडवल उरले होते. कानडीचे श्रेष्ठ कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे घर मूळचे मराठी भाषेचे. वडिलांच्या मागे घरच्या स्त्रियांनी धारवाडात खानावळ चालवून त्यांस वाढविले. आईचे नाव अंबिका. तेच लावून ते ‘अंबिकातनयदत्त’ झाले. परक्या मुलांस रांधून वाढणाऱ्या मराठी माऊलीच्या पोटी कानडीचा महाकवी निपजावा, याहून या प्रदेशाच्या पाहुणचाराची थोरवी निराळी काय सांगावी?

आता पानाकडे वळू. येथील खरे अन्न ज्वारीचे. हातावर थापलेली मऊ ‘रोट्टी’ ही आपली भाकरीच. परंतु तिची कडक केलेली बहीण खास प्रवासाची. पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली ही रोटी अनेक दिवस टिकते. सौंदत्तीच्या यल्लमाच्या यात्रेस निघालेल्या बैलगाड्यांतून हिचीच चवड जाई; आणि त्या यात्रेत कोल्हापूर-सांगलीकडील मराठी कुटुंबे कानडी कुटुंबांशेजारीच राहुटी ठोकीत. रोटीबरोबर ‘एण्णगायी’ म्हणजे भरली वांगी, ‘पुंडी पल्ल्या’ म्हणजे अंबाडीची भाजी, शेंगा, जवस व कारळे यांच्या कोरड्या चटण्या, वर कच्चा कांदा, मेथीची कोवळी पाने आणि दही. सणाच्या दिवशी होळिगे, म्हणजे पुरणपोळी, आणि कटाचे सार. गव्हाची हुग्गी आणि मादली हे मात्र मराठी पाहुण्यास नवे. संध्याकाळी चुरमुऱ्यांचे गिरमिट आणि मिरची भजी. यांत राजेशाही काही नाही. वाढणाऱ्याचा आग्रह मात्र भारी, आणि ताट रिकामे दिसू न देणे हा येथील धर्म.

धारवाडचा पेढा तर देवघेवीचे मूर्तिमंत उदाहरण आहे. तो करणारे ठाकूर घराणे उत्तरेतील उन्नावचे. प्लेगमुळे गाव सोडून ते इकडे आले, असे त्या घराण्याची परंपरा सांगते. दूध धारवाडी म्हशींचे; त्या पाळणाऱ्या रानातील गवळ्यांची बोली मराठीच्या कुळातील. गिऱ्हाईक कानडी. तपकिरी रंगाच्या, वरून साखर घोळलेल्या त्या एका वडीत तीन भाषा नांदतात.

येथवरचे वर्णन गोड झाले. परंतु येथेच थांबलो तर तो इतिहास होणार नाही, स्तुती होईल. पंगत जशी माणसांस जोडते, तशी ती तोडतेही. अन्नछत्रातील पान कोणास, आणि ओसरीखाली कोण, हे जातीने ठरे. गोडसे भटजींना लांबच्या मुलखात जेवण मिळाले ते ब्राह्मण म्हणून. त्याच वाटेने निघालेल्या अस्पृश्य वाटसरूस पाणीदेखील मागून मिळेल याची शाश्वती नव्हती. गंगूबाई हनगल यांनी ‘नन्न बदुकिन हाडु’ या आत्मकथेत आपले धारवाडचे बालपण सांगितले आहे. शेजारच्या ब्राह्मणाच्या बागेतील आंबा उचलल्याबद्दल त्यांस बोलणी खावी लागली. त्या गाणारणीची मुलगी, हा खरा अपराध. १९२४च्या बेळगाव काँग्रेसमध्ये त्यांनी स्वागतगीत गायिले, तेव्हा गाण्याहूनही जेवणाच्या वेळी आपणास काय वागणूक मिळेल याची धास्ती त्या लहान मुलीस अधिक होती. पुढे मोठेपणी त्याच समाजाने त्यांस घरी बोलावून सन्मानाने जेवू घातले. हा मनाचा पालट आपोआप झाला नाही. जमखंडीस जन्मलेले, मराठी-कानडी दोन्ही भाषांत वाढलेले विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली स्थापिलेल्या मिशनची शाखा हुबळीतही होती, याचे स्मरण या ठिकाणी अवश्य केले पाहिजे.

गाण्याने काही भिंती आधी पाडल्या, हेही खरे. हुबळीजवळच्या कुंदगोळात नाडगीरांच्या वाड्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुक्काम होई. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, खाँसाहेबांच्या घरी राहून, त्यांच्यासमवेत गावोगाव हिंडून शिकले. म्हणजे गावाने गुरूस आसरा दिला आणि गुरूने गावच्या मुलास. गंगूबाई पुढे हुबळीहून आगगाडीने कुंदगोळास शिकावयास जात. किराणा गावची गायकी मराठी रंगभूमीवर आणि कानडी घरांत एकाच काळी रुजली, तिच्या मुळाशी हा परस्परांचा पाहुणचार आहे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. तेव्हापासून या भागाविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात सीमेचा प्रश्न बहुधा अग्रस्थानी असतो. त्या प्रश्नाचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. परंतु नकाशावरील रेघ चुलीपर्यंत पोचत नाही, हेही शिक्षकांनी विद्यार्थ्यांस सांगितले पाहिजे. १९४७ साली येथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय आले; आणि बेळगाव-खानापूरकडील मराठी घरांतील मुले विद्यानगरच्या खानावळींतून ज्वारीची रोटी खाऊन पदवीधर झाली. त्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

तो लिहिण्यास फार मोठ्या साधनांची गरज नाही. जुन्या खानावळींच्या हिशेबवह्या, मठांच्या कोठीची टाचणे, यात्रेकरूंच्या आठवणी, घरोघरच्या आज्यांस येणारे पदार्थांचे दुहेरी शब्द ही साधने अद्याप उपलब्ध आहेत; पण ती दिवसेंदिवस विरळ होत आहेत. सीमाभागातील मराठी शाळांच्या शिक्षकांनी वरच्या वर्गांकडून ही टिपणे करवून घ्यावीत, आणि ती करताना कोण जेवला याबरोबरच कोणास पंगतीतून उठविले, हेही निर्भीडपणे नोंदवावे. पाहुणचाराचा खरा इतिहास या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यानेच पुरा होईल.