द्राक्ष पिकवणारे, वाइन चाखणारे

राजुरीत जन्मलेल्या माणसाला द्राक्षाची ओळख करून द्यावी लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, थंडीतली विरळणी आणि फेब्रुवारी-मार्चमधली काढणी यांकडे बघूनच आमच्याकडे लग्नाच्या तारखा धरल्या जातात. वाइनची ओळख मात्र मला साठी उलटल्यावर, घरापासून हजारो मैलांवर झाली. तीही पिणारा म्हणून नव्हे, वाढपी म्हणून.

मुलाकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलो होतो. तिथल्या रुग्णालयाच्या मदतीसाठी त्या परगण्यातील मंडळी दरवर्षी वाइनची स्पर्धा भरवीत. वायनरींचे प्रवेशशुल्क आणि लोकांच्या तिकिटांचे पैसे रुग्णालयाला जात. कामाला सगळे स्वयंसेवक. मीही नाव दिले. बाटल्यांवर कागदी पिशव्या चढवून त्यांना क्रमांक घालायचे, त्याच क्रमांकाचे पेले ओळीने मांडायचे, परीक्षकांसमोर पाणी, पावाचे तुकडे आणि थुंकण्यासाठी भांडे ठेवायचे, गुणांचे कागद गोळा करायचे. परीक्षक वाइन गिळत नाहीत; तोंडात घोळवतात, थुंकतात, लिहितात. दिवसभरात कितीतरी पेले चाखूनही माणूस शुद्धीवर राहतो, हे मी प्रथमच पाहिले.

स्पर्धा संपल्यावर स्वयंसेवकांना जवळपासच्या वायनरी दाखवायला नेले. लहान लहान घराण्यांच्या होत्या. बाटलीवर वायनरीच्या नावाखाली शेताचेही नाव छापलेले होते आणि त्या शेताचा मालक आमच्यासोबत बाकावर बसून आपल्याच द्राक्षाची वाइन चाखत होता. मी माळकरी घरातला, त्यामुळे पेला नुसता हुंगून ठेवला. तेव्हा त्याने सहज विचारले, तुमच्याकडे द्राक्षे होतात का? होतात म्हटले. मग तुमच्या भागाची वाइन कशी लागते? या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. जुन्नर तालुक्यातल्या कितीजणांपाशी असेल, याचा विचार करत मी परतलो. पुढे जे वाचले, पाहिले, त्यातून हा लेख झाला.

नाणेघाटाच्या वाटेवर

द्राक्षाची वाइन आपल्या जुन्या ग्रंथांना अनोळखी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कामे सांगताना मद्याचे प्रकार दिले आहेत. द्राक्षाच्या रसापासून होते ते 'मधु'. या मधूचे कापिशायन आणि हारहूरक असे प्रकार तो सांगतो आणि ही नावे त्या त्या प्रदेशावरून पडली, असे नोंदवतो. कापिशायन म्हणजे कापिशीचे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले. तांदूळ-पिठाच्या सुरेला गावाचे नाव लागत नव्हते, द्राक्षाच्या मद्याला लागत होते. चव जमिनीची असते, हे तेव्हाही ठाऊक होते. परंतु ती जमीन दख्खनची नव्हती.

दख्खनमध्ये वाइन आली ती समुद्रावरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइन आहे. इटलीच्या वाइनला पहिली पसंती, त्यानंतर लाओडिकियाची आणि अरबस्तानची. त्याच पुस्तकात पैठण, तेर आणि कल्याण यांचीही नावे येतात. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा दोन कानांच्या उभट परदेशी कुंभांची खापरे मिळाली. भारतात सापडलेली अशी खापरे पुढे नव्याने तपासली गेली, तेव्हा पूर्वी रोमन ठरवलेल्यांतली बरीचशी मेसोपोटेमियाकडची निघाली. कुंभ कोणाचे, यावर अभ्यासकांचा वाद चालू राहील. भरलेले कुंभ पश्चिमेकडून येत होते, एवढे पक्के.

कल्याणहून घाट चढून वर येणारी वाट नाणेघाटातून जुन्नरला पोहोचते. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात जमा होई, असे आमच्याकडे सांगतात. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत आणि त्यांतल्या तीन लेखांत देणगीदार स्वतःला 'यवन' म्हणवतात. त्यांतील इरिलाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या, चिटाने संघाला भोजनमंडप दिला आणि चंदाने दर्शनी भागाचे काम करून दिले. यवन हा शब्द ग्रीकांसाठी आणि एकूणच पश्चिमेकडच्या लोकांसाठी वापरत. हे तिघे कसला व्यापार करीत, हे लेख सांगत नाहीत. पण ज्यांच्या मुलखातून वाइन येत होती, त्या मुलखाच्या माणसांनी इथे मद्य वर्ज्य असलेल्या भिक्षूंसाठी पाणी आणि पंगतीची जागा दिली, हे मात्र दगडावर कोरलेले आहे. त्याच डोंगरांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले लेणे आणि टाके आहे. व्यापाराने गावात काही ठेवून जायचे असते, असा संकेत त्या काळात होता, असे या लेखांवरून दिसते.

गावाने बांधलेली द्राक्षे

युरोपात हाच संकेत वाइनशी कसा जोडला गेला, त्याचे ठळक उदाहरण फ्रान्समधील बोन या गावी आहे. १४४३ साली बर्गंडीच्या ड्यूकचे चान्सलर निकोला रोलँ आणि त्यांची पत्नी गिगोन द सालँ यांनी तेथे गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. पुढे शतकानुशतके लोकांनी मृत्युपत्रे करून त्याला आपले द्राक्षमळे दिले. आज अशा मळ्यांचे क्षेत्र सुमारे साठ हेक्टर आहे. १८५९ पासून त्यांच्या वाइनचा जाहीर लिलाव होतो. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी जगभरचे खरेदीदार तेथे जमतात आणि पैसा रुग्णालयाला व इतर धर्मादाय कामांना जातो. मी पेले मांडत होतो ती स्पर्धा याच वंशातली, फार धाकटी. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असते, तसे बोनच्या रुग्णालयाला द्राक्षमळे आहेत. म्हणून तिथे वाइनच्या चांगल्या-वाईटाशी सगळ्या गावाचा संबंध येतो.

नारायणगावचा 'ओमर खय्याम'

जुन्नरमध्ये द्राक्षबागांचे युग पाण्यासोबत आले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, तशी नारायणगाव-आळे-राजुरी पट्ट्यात बागायत वाढली. राज्यातील द्राक्ष बागायतदार त्याआधीच संघटित झाले होते. थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीने खाण्याच्या द्राक्षांचा बाजार व्यापला होता.

याच सुमारास, १९८० च्या दशकात, उद्योजक श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइनचा कारखाना उभारला. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांतातल्या पायपर-हायडसिक या १७८५ पासूनच्या घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेतले. फसफसणाऱ्या वाइनची ती पद्धत चिकाटीची आहे. बाटलीत भरलेल्या वाइनला आतच दुसऱ्यांदा आंबू देतात, महिनोन्‌महिने थंड तळघरात ठेवतात, गाळ मानेशी यावा म्हणून बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करतात आणि शेवटी तो गाळ उडवून बूच मारतात. शॅम्पेनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चाललेले हे काम नारायणगावला सुरू झाले आणि ती बाटली 'ओमर खय्याम' या नावाने इंग्लंडच्या दुकानांत पोहोचली. भारतातही अशी वाइन होते, हे तिथल्या अनेकांना तिच्यामुळे प्रथम कळले.

नावाचाही एक योग आहे. त्याच्या अर्धशतक आधी माधव जूलियन यांनी खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या होत्या. त्यांच्या एका अनुवादाचे नावच 'द्राक्षकन्या'. म्हणजे मराठी वाचकाला द्राक्षकन्या कवितेत आधी भेटली, शिवारात नंतर. आणि शिवारात आली तीही परदेशी पाठवणीसाठीच. पुणे-नाशिक रस्त्याने जाताना आम्ही कारखान्याकडे बोट दाखवायचो, "तिथं शॅम्पेन बनती" म्हणायचो. आत गेलेला, चाखलेला माणूस आमच्या आळीत एकही नव्हता.

धोरण आणि धक्का

२००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. राज्यातल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. नाशिकजवळ सुलाची वाइन नुकतीच बाजारात आली होती. पाठोपाठ वायनरी निघत गेल्या आणि शेतकऱ्यांशी करार होऊ लागले. आमच्या थोरल्या चुलत्यांनी, आबांनी, दोन एकरांत काबर्ने सोव्हिन्याँ लावली. तिचा उच्चार त्यांना कधी जमला नाही. ते तिला 'काबरी' म्हणत. करार जिल्ह्याबाहेरच्या एका वायनरीशी होता.

वाइनच्या द्राक्षाचा स्वभाव इथे समजून घ्यायला हवा. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा हवा, म्हणून विरळणी करतात, संजीवकात घड बुडवतात. वाइनचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा हवा, कारण रंग आणि तुरटपणा साल-बियांतच असतो. हे द्राक्ष बाजार समितीत कोणी घेत नाही, बियांमुळे त्याचा बेदाणाही होत नाही. थॉमसनचा व्यापारी फिरला तर माल दुसऱ्याला देता येतो, निदान बेदाणा करता येतो. काबर्नेचा खरेदीदार फिरला की द्राक्ष वेलीवर सुकते. करारातली सगळी जोखीम त्या लहानशा मण्यात होती आणि ती शेतकऱ्याच्या बाजूला होती.

२००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन आणि हॉटेलांची खरेदी थंडावली. टाक्यांत वाइन पडून राहिली, अनेक वायनरींकडे शेतकऱ्यांचे पैसे थकले, बागा तोडल्या गेल्या. नारायणगावच्या कंपनीनेही दरम्यान देशाबाहेर विस्तार केला होता. ती कर्जात सापडली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. आबांचे दोन हंगामांचे पैसे बुडाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी काबरी उपटली आणि टोमॅटो लावले. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार मोठा, निदान रोख पैसे देणारा.

दारू की शेतमाल?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपर मार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याच्या मालाला बाजार मिळेल, असे समर्थन होते. विरोध एवढा झाला की निर्णय अमलात आला नाही. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला.

या विरोधाला जुनाट म्हणून उडवून लावणे सोपे आहे. ज्या गावांत बायकांनी 'आडवी बाटली' करून मतदानाने दारूची दुकाने बंद पाडली, तिथे घराघरांत काय भोगले गेले, हे मी पाहिलेले आहे. आमच्या शेजारी आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी, ओतूरला तुकोबांच्या गुरूंची समाधी. अशा पट्ट्यात बाटली म्हणजे बाटलीच. वाइन वेगळी, हे तिथल्या बाईला पटवायचे तर सरकारी व्याख्या पुरणार नाही.

मला वाटते, वादाचे दोन्ही पक्ष एक गोष्ट सोडून बोलत होते. वाइन शेतमाल ठरते ती शेतकऱ्याचे नाव, भाव आणि मत तिच्यात असते तेव्हा. आमच्याकडे द्राक्ष ट्रकमध्ये चढले की शेतकऱ्याचा संबंध संपत होता. बाटलीवर आमच्या शिवाराचे नाव नव्हते. चव चांगली झाली की वाईट, हे आम्हाला कळवण्याची रीत नव्हती. गावाच्या शाळेला, दवाखान्याला त्यातून काही मिळत नव्हते. बोनच्या रुग्णालयाला मळे मिळाले, जुन्नरच्या लेण्यांना यवनाचा भोजनमंडप मिळाला. आम्हाला करारपत्राची प्रत मिळाली. तोटा झाला तेव्हा मात्र तो पूर्णपणे आमच्या शिवारात राहिला.

नाशिककडे हे चित्र थोडे बदलले आहे. तिथल्या वायनरींत लोक चाखायला येतात, नाशिक व्हॅलीच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कौटिल्याने नोंदवलेली प्रदेशाच्या नावाची चाल इतक्या शतकांनी आपल्याकडे आली. २०१८ मध्ये जुन्नर विशेष पर्यटन तालुका झाला. राजुरीतही पाहुणे हंगामात बागेत येतात, वेलीवरचा घड स्वतः तोडतात, शेतकऱ्याला जात विचारतात, भाव विचारतात. हा बदल लहान आहे, पण खाणारा आणि पिकवणारा एकमेकांचे तोंड पाहतात, एवढा तरी आहे.

अमेरिकेहून परतल्यावर मी आबांना सगळे सांगितले. कागदी पिशव्या, क्रमांक, थुंकणारे परीक्षक. ते हसले. डेव्हिसच्या विद्यापीठात निघालेली वीस गुणांची पद्धत समजावली: रंगाला किती, वासाला किती, आंबटपणाला किती. ती त्यांनी फार लक्षपूर्वक ऐकली. गळ्यातली माळ चाचपत म्हणाले, "आपल्याला काही प्यायची नाही. पण आपल्या काबरीला कुणी असे मार्क दिले होते का रे?"

दिले असतील, मी म्हटले. आपल्याला सांगितले नाहीत.

"तेवढं कळायला पाहिजे होतं," आबा म्हणाले. "पैसे बुडाले ते बुडालेच. पण माल कसा होता, तेवढं तरी."