हात कधी उचलायचा? प्लेगच्या पुण्यातून शिकण्यासारखं



शेतावर एकटीनं पाणी धरायला जायचं, ऊसतोडीच्या फडावर कोपीत झोपायचं, शेवटच्या एसटीनं उतरून वस्तीपर्यंत अंधारात चालायचं. मग प्रश्न येतोच, जवळ काहीतरी असावं का? असलं तर ते बाहेर कधी काढायचं? आणि हात उचलला, समोरच्याला लागलं, तर गुन्हा कुणाचा ठरणार?

याची उत्तरं कायद्यात आहेत. पण नुसती कलमं वाचून ती डोक्यात राहत नाहीत. म्हणून आज पुण्याच्या इतिहासातलं एक वर्ष बघू. ते वर्ष १८९७. त्या वर्षी याच प्रश्नांनी पुणं ढवळून निघालं होतं, आणि त्या गोष्टीत बायका पहिल्यापासून होत्या. त्यांची नावं मात्र फारशी कुठं लिहिलेली नाहीत.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला आणि थोड्याच महिन्यांत पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारनं साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्याच्या प्लेग समितीवर वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी आला आणि मार्चपासून घरोघरी झडत्या सुरू झाल्या. त्या घ्यायला गोरे सोल्जर आणले होते. रोगी लपवलाय का म्हणून माजघर, देवघर, धान्याची कोठी, सगळं उघडून बघायचे. रोगी सापडला की त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत पाठवायचे आणि सामान जाळायचे.

साथ खरी होती. माणसं मरत होती आणि काहीतरी करणं भागच होतं. पण ते कसं केलं, यावरून शहर पेटलं. प्लेगची गाठ येते काखेत आणि जांघेत. ती तपासायची म्हणजे अंगाला हात लावणं आलं. परक्या सोल्जरांनी बायकांना घराबाहेर काढून, लोकांच्या देखत तपासल्याच्या तक्रारी तेव्हाच्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या. ज्या बाईनं उंबऱ्याबाहेर पदर ढळू दिला नव्हता, तिच्यावर काय बेतलं असेल, हे मी सांगायला नको.

आता इथं थांबून विचारू. त्या बाईला तेव्हा हात उचलायचा हक्क होता का?

होता. भारतीय दंड संहिता १८६० साली झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ९६ ते १०६ या कलमांत स्वतःच्या बचावाचा हक्क लिहिलेला होता. बलात्काराच्या हेतूनं कुणी हल्ला केला, तर त्याला अडवताना त्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही, असं १०० व्या कलमात पहिल्यापासून होतं. पण दुसरी बाजूही होती. सरकारी माणूस सद्भावनेनं आपलं काम करत असेल, आणि त्यात जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती नसेल, तर त्याच्यावर हात उचलता येत नाही. म्हणजे झडतीसाठी घरात आला म्हणून सोल्जरला मारता येत नव्हतं. वाईट हेतूनं झोंबला असता, तर मारता आलं असतं. हक्क कागदावर होता. पण त्या बाईला तो कुणी सांगितला होता? आणि बंदूकधारी टोळीपुढं तो वापरायचा तरी कसा?

हत्यारांचं म्हणाल, तर १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानं सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल बाळगायची बंदी होती. गोऱ्यांना मात्र सूट होती.

त्याच वर्षी जूनच्या १२ तारखेपासून पुण्यात शिवाजी उत्सव झाला. तिथं प्राध्यापक भानूंचं व्याख्यान झालं, विषय अफझलखानाचा वध. अध्यक्ष होते लोकमान्य टिळक. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली लोखंडी टोप, हातात लपवलेली वाघनखं. मराठी बखरी सांगतात की खानानं मिठीत मान दाबून कट्यारीचा वार केला, तो चिलखतानं अडवला, आणि मगच वाघनखं चालली. फार्सी लिहिणारे वेगळं सांगतात, पहिला वार महाराजांचा म्हणतात. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भेटीबद्दलही लोक तेच विचारत आले, जे आज पंचनाम्याला आलेला फौजदार विचारतो. पहिला हात कुणाचा? आणि हत्यार आधी काढलं की नंतर?

महाराजांनी तयारी पूर्ण केली होती. पण बखरकारांनी ठासून लिहिलं काय, तर तयारी असूनही पहिला वार त्यांचा नव्हता. जवळ असणं वेगळं आणि वापरणं वेगळं, हा फरक त्यांना महत्त्वाचा वाटला.

टिळकांनी त्या सभेत वेगळी दिशा घेतली. थोर पुरुषाची कृती दंड संहितेच्या मापानं मोजू नये, गीतेच्या उंचीवरून बघावी, स्वार्थ नसेल तर दोष लागत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १५ जूनच्या 'केसरी'त त्याचा वृत्तांत आला.

पुढं आठवड्यानं, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीत सरकारी बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ होता. आज त्याच आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. समारंभ आटोपून गाड्या परत निघाल्या. रस्त्यावर चिंचवडचे दामोदर आणि बाळकृष्ण हे चापेकर बंधू पिस्तुलं लपवून उभे होते. दामोदरांनी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीत आयर्स्ट नावाचा लष्करी अधिकारी होता. बाळकृष्णांनी त्याच्यावर गोळी झाडली, आणि तो जागीच मेला. रँड ३ जुलैला गेला. पुढं दामोदर, बाळकृष्ण आणि धाकटे वासुदेव, एकाच घरातले तिघं भाऊ १८९८ आणि १८९९ साली फासावर गेले. त्यांच्याबरोबर महादेव रानडेही गेले.

चापेकरांचं नाव महाराष्ट्र हुतात्मा म्हणून घेतो आणि घेत राहील. त्यांच्या धैर्याची मापं काढायला मी बसलेली नाही. पण आपला आजचा प्रश्न बचावाचा आहे, आणि ही घटना कायद्यातला बचाव नव्हती. का नव्हती, ते नीट समजून घेतलं तर बचाव म्हणजे काय ते कळतं.

सोल्जरांच्या झडत्या मे महिन्यात थांबल्या होत्या. गोळी सुटली जूनमध्ये, रात्री, रस्त्यावर, गाडीतून घरी निघालेल्या माणसावर. त्या क्षणी त्याच्यापासून कुणाच्या अंगाला धोका नव्हता. जे घडून गेलं होतं त्याचा तो हिशोब होता. शिवाय अंधारात एक गोळी भलत्याच माणसाला लागली. हत्याराचा हा स्वभावच आहे. एकदा सुटलं की ते नाव विचारत नाही.

आता हाच कायदा आजच्या रूपात बघू. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बचावाचा हक्क तिच्यात ३४ ते ४४ या कलमांत आहे. सोप्या भाषेत त्याच्या चार गाठी पदराला बांधून ठेवा.

पहिली गाठ, भीती खरी पाहिजे. धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो. वार अंगावर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. समोरचा कोयता उगारून धावला, किंवा दाराची कडी तोडून आत घुसला, तर तेवढं पुरे. पण 'हा उद्या काहीतरी करील' एवढ्यावर हात उचलता येत नाही.

दुसरी गाठ, मदत मिळण्याइतका वेळ होता का? पोलिसांकडं जाण्याइतकी सवड असेल, तर कायदा म्हणतो आधी तिकडं जा. धमकी आज आली आणि गाठायचं आठवड्यानं म्हणाला, तर हातात सात दिवस आहेत. ते तक्रारीचे, कोयत्याला धार लावायचे नव्हेत.

तिसरी गाठ, लागेल तेवढंच. काठीनं भागत असेल तर विळा नको. ढकलून पळता येत असेल तर डोक्यात दगड नको. मात्र आठ गोष्टींचा विचार करत बसायला तेव्हा वेळ नसतो, हे न्यायालयालाही कळतं. जिवावर बेतलेल्या माणसाची कृती सोन्याच्या तराजूत तोलायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलेलं आहे. जीव जाईल असा वार कधी माफ होतो, तेही ३८ व्या कलमात मोजून सांगितलंय. जिवाची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणं, सुटकेसाठी सरकारी मदत मागता येणार नाही असं कोंडून ठेवणं, आणि ॲसिड फेकणं. ॲसिडचा मुद्दा २०१३ साली जोडला गेला.

चौथी गाठ सगळ्यात महत्त्वाची. भीती संपली की हक्क संपला. हल्लेखोर पळाला, पडला, किंवा लोकांनी धरून ठेवला, की तुमचा हात खाली आला पाहिजे. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला घाव, बांधून ठेवलेल्याला दिलेला मार, हा बचाव राहत नाही. तिथून पुढं आरोपी तुम्ही.

आता जवळ काय असावं, याचं. पिस्तुलाला परवाना लागतो, तो १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याखाली. परवाना असला म्हणून गोळी झाडायचा जादा हक्क मिळत नाही, चार गाठी त्यालाही त्याच. काठी आणि केवळ घरकामाची, शेतीची अवजारं हा कायदा हत्यारांत धरत नाही. म्हणून खुरपं, विळा घेऊन कामाला जाणाऱ्या बाईनं घाबरायचं कारण नाही. पण तोच कोयता कामाशिवाय गावात, जत्रेत मिरवला तर गोष्ट बदलते. पुण्यात कोयते नाचवून दहशत घालणाऱ्या टोळ्यांमुळं पोलीस याबाबत कडक झालेत. शिवाय सणावाराला, निवडणुकीला जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीचा हुकूम निघतो, तेव्हा काठीवरही बंदी येऊ शकते. मिरचीची पूड, शिट्टी, विजेरी आणि सोबतीण, यांना परवाना लागत नाही. आणि एक लक्षात ठेवा, लपवलेलं हत्यार काढायला वेळ लागतो आणि झटापटीत ते आपल्याच हातून हिसकावलं जाऊ शकतं.

आता पुन्हा १८९७ कडं जाऊ, कारण त्या वर्षाची खरी शिकवण अजून राहिलीय.

रँडवर गोळी सुटण्याच्या सुमाराला गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथं जाहीर सांगितलं, की सोल्जरांनी दोन बायकांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीनं जीव दिला. विलायतेत खळबळ झाली. पुरावा द्या, अशी मागणी आली. पण तोवर पुण्यात धरपकड चालू होती. नातू बंधूंना खटला न चालवता अडकवलं होतं, टिळकांना जुलैच्या २७ तारखेला अटक झाली होती, शहरावर जादा पोलीस बसवून खर्च शहरावरच लादला होता. पुरावा द्यायला कुणी पुढं आलं नाही. ज्यांनी कळवलं त्यांची नावं गोखल्यांनी उघड केली नाहीत, आणि ऑगस्टमध्ये त्यांना जाहीर माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

विचार करा मैत्रिणींनो. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खुनाचा तपास झाला, खटला झाला, साक्षी झाल्या. पण बायकांच्या अंगाला लागलेल्या हातांचा खटला उभा राहिला नाही. का? अब्रू जाईल म्हणून घरच्यांनी तोंडं मिटली. त्या बाईला तर कुणी विचारलंच नसेल. एक बाई मात्र स्वतःच्या नावानं बोलली, पंडिता रमाबाई. प्लेगच्या व्यवस्थेत मुलींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड लिहिलं. सरकारनं ते नाकारलं. पण त्यांनी लिहिलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

हाताची वेळ असते पाच-दहा क्षणांची. ती गेली की उरतं ते तोंड, आणि त्याची वेळ मोठी असते. म्हणून हात उचलावा लागला तरी, आणि उचलता आला नाही तरी, पुढची कामं ठरलेली आहेत. आधी सुरक्षित जागी जा, ११२ ला फोन करा. हल्लेखोर जखमी असेल तर तेही सांगा, त्याच्यासाठी गाडी बोलवा. पळून जाऊ नका, हत्यार धुऊ नका, कपडे बदलू नका. पहिली खबर तुमची जाऊ द्या. हद्द आमची नाही म्हणून पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही, ती कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. विनयभंग, बलात्कार अशा गुन्ह्यांत बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. आणि अंगावरचे ओरखडे, वळ सरकारी दवाखान्यात नोंदवा. तुमची भीती खरी होती, याचा तोच पुरावा.

पुढच्या बैठकीत गटानं एवढं ठरवावं. रात्री हाक आली तर पहिल्या कोण दोघी धावतील? ठाण्यात सोबत कोण जाईल? आणि साक्षीला उभी कोण राहील? तिन्ही नावं गटाच्या वहीत लिहून ठेवा.