सावित्रीच्या खोऱ्यातील माती

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेली सावित्री नदी पोलादपूर व महाड या गावांवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीत समुद्रास मिळते. तिचा सारा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरांचा. परंतु चार हजार फुटांहून अधिक उंची ती आरंभीच्या काही कोसांतच उतरून येते. पुढे उतार मंदावतो, आणि महाडपर्यंत तर समुद्राच्या भरतीचे पाणी येऊन भिडते. डोंगरातून धावत आलेली नदी तेथे थबकते व माथ्यावरचे ओझे खाली ठेवते. ते ओझे मातीचे असते.

महाड हे एके काळी नांदते बंदर होते. गावाजवळील गांधारपाल्याची बौद्ध लेणी तेथील वस्तीच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात. घाटावरून उतरलेला माल येथे गलबतांत चढत असे. पुढे सडका व रेल्वे यांनी हा व्यापार नेला हे खरे. तथापि गाळाने उथळ झालेले पात्रही दुर्लक्षून चालणार नाही. २०२१ च्या महापुरानंतर तो गाळ उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले.

मग दोष पावसाचा म्हणावा काय? पाऊस तर लेण्यांहूनही जुना आहे. झाडाच्या पानांवर व पाचोळ्यावर पडलेली सर हळूहळू जमिनीत मुरते. उघड्या मातीवर पडलेला थेंब मात्र तिचे कण सुटे करतो आणि वाहते पाणी ते घेऊन जाते. ब्रिटिश अमदानीत कोकणातील रानांतून लाकूडफाटा व कोळसा मुंबईस जाऊ लागला. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकविणारा शेतकरी राबासाठी झाडांच्या फांद्या तोडी. पोटापुढे त्यासही दुसरा उपाय नव्हता. असे आच्छादन विरळ होत गेले.

परंतु माती केवळ कणाकणानेच जाते असे नव्हे. येथील काळ्या खडकावर झिजलेल्या मातीचा जाड थर आहे. अतिवृष्टीचे पाणी त्यात मुरते, खालच्या कठीण खडकापाशी अडते, माती जड व सैल होते आणि अखेर सारा उतारच सुटतो. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते येथे अशा दरडींखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावात ऐंशीहून अधिक जण गाडले गेले. त्याच सुमारास महाबळेश्वरी चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला; लंडन शहरास वर्षभरात साधारण एवढाच लाभतो!

अशा वृष्टीत दाट झाडीचे उतारही ढासळतात. म्हणून सारे खापर वृक्षतोडीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. रान राखणे व उताराला आडवे बांध घालणे हे मातीच्या रोजच्या झिजेवरचे उपाय होत. दरडीपुढे मात्र वेळीच स्थलांतर हाच तरणोपाय. डोंगरास भेगा पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, या खुणा ओळखून वाडी रिकामी करावी लागते. आणि तिला सुरक्षित जागी आसरा देण्याची सिद्धता पावसाळ्यापूर्वीच असावी लागते. बोटभर माती तयार व्हावयास शतके लागतात, म्हणून ती जपावी हे उचितच. पण तिच्या आधाराने राहणारी माणसे प्रथम जपली पाहिजेत.