कार्ब्युरेटर-ट्यूनिंगची निदानसाधने

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल वाहनाचे ट्यूनिंग करण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची उपकरणे. कॉम्प्रेशन गेज, व्हॅक्यूम गेज, फिलर गेज, टायमिंग लाइट, मल्टिमीटर आणि धूर तपासणारे यंत्र ही त्यांतील मुख्य. नव्या गाडीला स्कॅनर जोडला की बिघाडाचा कोड पडद्यावर येतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन चालवणारा संगणकच नसतो, त्यामुळे तिथे स्कॅनरचा उपयोग नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला.

सातारा-सांगली भागाशी या विषयाचे जुने नाते आहे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी १९७५ मध्ये उभारलेल्या महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेडच्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ ही स्कूटर तयार होत असे. प्रिया, चेतक, येझदी, राजदूत, आरएक्स १००, प्रीमियर पद्मिनी आणि जुनी मारुती ८०० या गाड्यांवर इथल्या मेकॅनिकांच्या एका पिढीचा हात बसला. कानाने आणि हाताने ट्यूनिंग करण्याचे त्यांचे कसब मोलाचे आहे. गेज त्या कसबाची जागा घेत नाही, फक्त अंदाजाला आकडा देते.

साधन निवडताना तपासणीचा क्रम आधी ठरवावा लागतो. गाडी मिस मारते, पिकअप नाही, पेट्रोल जास्त खाते अशी तक्रार आली की पहिला हात कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर जातो. ही सवय मोडायला हवी. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्ह बसत नसेल किंवा पॉइंटचा गॅप बिघडला असेल, तर एअर स्क्रू कितीही आटे फिरवला तरी फरक पडत नाही. म्हणून आधी कॉम्प्रेशन, मग इग्निशन आणि शेवटी कार्ब्युरेटर. कॉम्प्रेशन घेताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवतात. आकडा कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा घेतात. तेलाने आकडा वाढला तर दोष रिंगांत, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये.

व्हॅक्यूम गेज हे चारचाकीसाठी सर्वांत बोलके साधन. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा मॅनिफोल्ड हवा घेतो आहे. ठरावीक अंतराने काटा झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मात्र पुस्तकातले आकडे समुद्रसपाटीचे असतात, आणि आपल्या भागात इथेच गफलत होते. निरोगी इंजिन आयडलला १७ ते २२ इंच पारा दाखवते असे पुस्तक सांगते. पण दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच घटतो. सांगली सुमारे ५५० मीटरवर आहे, सातारा ७०० मीटरच्या वर, महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. म्हणजे मुंबईत १९ इंच दाखवणारी गाडी सांगलीत १७, साताऱ्यात साडेसोळा आणि महाबळेश्वरात साडेचौदाच्या जवळ दाखवेल, आणि तिन्ही ठिकाणी ती निर्दोषच असेल. कॉम्प्रेशनचेही तसेच. मुंबईत १५० पौंड दाखवणारे इंजिन सांगलीत १४० दाखवते. हे माहीत नसल्याने चांगले इंजिन खोलले जाते, याचे फार वाईट वाटते.

उंचीचा परिणाम मिश्रणावरही होतो. महाबळेश्वरात हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. जेट तेच राहतात, म्हणून मिश्रण श्रीमंत होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते. वाईत नीट चालणारी गाडी पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचते तेव्हा काहीशी गुदमरलेली वाटते, त्याचे कारण हेच.

टू-स्ट्रोक गाडीला व्हॅक्यूम गेज फारसे कामाचे नाही. तिथे प्लग हाच खरा साक्षीदार. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढावा, चढावर गाडी भाराखाली असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करावे, कडेला थांबून प्लग काढावा. टोकावरचे पोर्सेलीन विटकरी-तपकिरी दिसले तर मिश्रण ठीक. सुकी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरे फटक पडले असेल तर कमी. घरापर्यंत आयडलवर आणून काढलेला प्लग काहीच खरे सांगत नाही.

टायमिंग लाइट घेताना एक गोष्ट पाहावी. बहुतेक लाइट १२ व्होल्टवर चालतात. ६ व्होल्टच्या जुन्या मोटारसायकलीसाठी वेगळी १२ व्होल्टची बॅटरी जवळ ठेवावी लागते.

पीयूसीचा कागदही निदानाला उपयोगी पडतो. ३१ मार्च २००० पर्यंतच्या पेट्रोल दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, तर भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकींना ३ टक्के आहे. हा आकडा चढला तर मिश्रण श्रीमंत. तो कमी आणि हायड्रोकार्बन जास्त असेल तर ठिणगी चुकते आहे किंवा मिश्रण फार पातळ आहे. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल आणि तेल धुरातून बाहेर पडतच असल्याने हायड्रोकार्बनवरून निष्कर्ष काढू नये.

अलीकडे यात इथेनॉलची भर पडली आहे. या उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत तयार होणारे इथेनॉल आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये मिसळले जाते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला सुमारे साडेतेरा. त्यामुळे जुन्या जेटवर गाडी पातळ चालते आणि मेन जेट मोठा घ्यावा लागू शकतो. जुने रबर फुगते. पावसाळ्यात गाडी उभी राहिली तर इथेनॉल ओलावा धरते आणि फ्लोटच्या वाटीत पाणी साचते.

पैसे मोजके असतील तर आधी फिलर गेज आणि कॉम्प्रेशन गेज घ्यावे, मग टायमिंग लाइट. चारचाकीचे काम असेल तर व्हॅक्यूम गेज. नवे गेज आणले की ते प्रथम एखाद्या निर्दोष गाडीला लावून आपल्या गावचा आकडा वहीत लिहून ठेवावा.